मानेमागची खूण

धुलाई-कारखान्यातली चौकशीची खोली इस्त्रीच्या रोलरांच्या बरोबर डोक्यावर होती. खाली आठ रोलर दिवसभर इस्पितळांच्या ओल्या चादरी गिळत आणि कोरड्या करून ओकत. त्यांची थरथर जमिनीतून टेबलाच्या पायांत चढे, टेबलाच्या पायांतून पाण्याच्या पेल्यात. दुभाषीबाईंना ती ऐकू येत होती. समोर बसलेल्या इस्त्रीवालीला ऐकू येत नव्हती, पण तिनं तळवा टेबलावर सपाट ठेवला होता, आणि तीन नंबरचा रोलर बंद आहे हे त्या खोलीत फक्त तिलाच कळलं होतं.

तीन नंबर तिचा. अकरा वर्षं तिचा.

बहिऱ्यांच्या जगात माणसाला एक हातनाव मिळतं. ते आईबाप ठेवत नाहीत, बारशात ठेवत नाहीत. सोबतची माणसं चेहरा निरखून, चाल निरखून देतात आणि मग ते कातडीसारखं अंगाला चिकटतं. हिचं नाव होतं गालात बोट रुतवून अर्धं फिरवणं. खळी. त्या दिवशी खळी कुठंच दिसत नव्हती. जबडा असा आवळलेला, की गालावर दगड ठेवल्यासारखा.

आरोप साधा होता आणि तो तिनं कबूल केला होता. चार दिवसांपूर्वी तिनं भिजलेली चादर मुकादमाच्या तोंडावर भिरकावली. प्रश्न उरला होता तो एकच, का.

“तो मला रोज हातानं शिवी देतो,” खळीचे हात म्हणाले, आणि दुभाषीबाईंचा आवाज म्हणाला, “तो मला रोज हातानं शिवी देतो.”

मुकादम खुर्चीत ऐसपैस बसला होता. भरल्या अंगाचा, हसऱ्या डोळ्यांचा, पाहुण्याला दोन घास जास्त वाढेल असा माणूस.

“साहेब, शिवी द्यायला तोंड लागतं. मी तोंड उघडलेलं कुणी ऐकलं? आणि ही यांची हातवाऱ्यांची भाषा मला कुठली यायला! मी आपला काचेच्या केबिनमध्ये. बाहेर आलो की बोट दाखवतो, हे उचल, ते ठेव. संपलं. एक खूण येत असेल तर शपथ.”

साहेब म्हणजे चौकशीचे अध्यक्ष. वरच्या कचेरीतून आले होते, पांढऱ्या बाह्या काळजीपूर्वक दुमडून. शेजारी कारकून लिहीत होता.

“साक्षीदार?” साहेबांनी विचारलं.

कारकुनानं कागद उलटला. घडीटेबलावर चादरींच्या घड्या घालणाऱ्या तेवीस जणींना विचारलं होतं. तेवीस जणी म्हणाल्या होत्या, आम्ही खाली मान घालून काम करत होतो.

साहेबांनी सुस्कारा सोडला. “मग अवघड आहे. कारण सिद्ध झालं नाही तर ही सरळ दांडगाई. तळघरात बदली.”

तळघर म्हणजे मळक्या कापडांची छाननी. रक्ताच्या चादरी एकीकडे, बाकीच्या एकीकडे. वास सोसता आला असता. वासानं कुणी मरत नाही. पण तळघरात एकच पिवळा दिवा आणि हातांत कोपरापर्यंत जाड रबरी मोजे. ज्याची भाषा हातांत आणि कान डोळ्यांत, त्याला अंधारात मोजे घालून उभं करणं म्हणजे तोंडात बोळा कोंबणं. वर, रोलरांच्या गोंगाटात, ऐकू येणाऱ्या बायकासुद्धा हातांनीच बोलत. तिथं खळी कुणापेक्षा कमी नव्हती. उलट सगळ्यांत बोलभांड तीच. तिच्या चावट गोष्टींनी पूर्ण टेबल हसून वाकायचं. ते टेबल जाणार होतं.

हे सगळं दुभाषीबाईंना कळत होतं. पण कळण्याचे त्यांना पैसे नव्हते. त्यांना पैसे होते ते इकडचं तिकडे करण्याचे. सकाळी साहेबांनी नियम मोठ्यानं वाचला होता: दुभाष्यानं आपलं काही घालू नये, काही गाळू नये, खोलीबाहेर ऐकलेलं खोलीत आणू नये. त्यांनी सही केली होती. वीस वर्षं करत आल्या होत्या.

साहेबांनी एक परिपत्रक पुढं ओढलं. वरून आलं होतं, शिक्क्याचं. त्यांनी चष्मा लावला आणि त्यातला शब्द चिमट्यात धरून उचलावा तसा उचलला.

“हे पाहा. तुम्ही पारलिंगी स्त्री आहात याची कचेरीला जाणीव आहे. पारलिंगी व्यक्तींना कामावर सन्मानानं वागवावं, असा नियम आहे. पण नियम आहे म्हणून चादर फेकायची मुभा मिळत नाही.”

दुभाषीबाईंचे हात निघाले. त्यांचे हात विचार करत नसत. पाणी उताराला जावं तसे जात. ‘तुम्ही’ झालं. मग तो शब्द आला, आणि हातानं तो शोधला जिथं तो लहानपणापासून ठेवलेला होता. आईची खूण. दोन बोटं कात्रीसारखी उघडून मानेमागं न्यायची आणि मिटायची. एकदा. पुढच्या वाक्यात पुन्हा एकदा.

खळीचा तळवा टेबलावरून उठला.

तिनं नजर साहेबांवर रोखली. साहेब चष्म्यावरून बघत होते, शांत, न्यायाच्या तोऱ्यात. मग तिचे हात सुटले. असे सुटले, की पेला लवंडला.

दुभाषीबाईंचा आवाज हातांमागं धावला. “त्याच्या हातात जी घाण आहे तीच तुमच्या तोंडात आहे. तुम्ही काय न्याय देणार? सन्मान, सन्मान म्हणता आणि त्याच दमात… थू. तळघरात तुम्ही जा. तुमच्यासारख्यांना तिथं ओळखीचा वास येईल.”

“काय?” साहेबांच्या मानेची शीर तटतटली. “मी कायद्यातला शब्द वापरला! कायद्यातला!”

“बघा साहेब,” मुकादम हळहळल्यासारखा म्हणाला. “मी रोज हेच सोसतो. आम्ही पडलो साधी माणसं. याला… हिला… जे काय असेल ते, चांगलं बोललं तरी काटाच.”

“लिहून घ्या,” साहेब कारकुनाला म्हणाले. “शब्दन् शब्द. जेवणानंतर आदेश देतो.”

*

हात धुवायच्या जागी चार नळ होते. दुभाषीबाई तिसऱ्यावर उभ्या होत्या तेव्हा मुकादम चौथ्यावर आला. त्यानं बाह्या वर केल्या, साबणाचा चांगला फेस काढला.

“ताई, मानलं तुम्हाला.”

“कशाबद्दल?”

“मला वाटलेलं, तुम्ही शिकलेल्या, काहीतरी पुस्तकी फुलंपानं काढाल हातांनी. तुम्ही तर सरळ आपली घरचीच काढलीत.” आणि फेसाळल्या हाताची दोन बोटं त्यानं मानेमागं नेली. उघडली. मिटली. फेसाचा एक ठिपका त्याच्या कॉलरवर राहिला. “साहेबांचं तोंड आणि तुमचा हात. मला तर हसू आवरेना.”

नळ वाहत होता. दुभाषीबाईंनी तो बंद केला नाही.

“तुम्हाला तर एकही खूण येत नाही.”

“एक येते.” त्यानं डोळा बारीक केला. “केबिनच्या काचेतून दिसेल एवढी. पोरींना विचारा. पण त्या सांगायच्या नाहीत. पाळ्या मी लावतो. आणि तुम्हीही सांगायच्या नाहीत. सकाळी नियम वाचला ना साहेबांनी, तुमची सही आहे त्यावर. मी नीट ऐकलं. मी सगळं नीट ऐकतो.”

त्यानं हात झटकले आणि शीळ घालत गेला.

दुभाषीबाई आपल्या हातांकडे बघत राहिल्या. हातांना काही झालं नव्हतं. तेच हात. याच हातांनी त्यांनी बाळंतपणाच्या खोलीत ‘मुलगी झाली’ सांगितलं होतं, न्यायालयात ‘निर्दोष’ सांगितलं होतं. वाईट बातम्याही पुष्कळ दिल्या होत्या, पण त्या दुसऱ्याच्या असत. ही पहिली त्यांची स्वतःची.

*

खळी लोखंडी जिन्याच्या पायरीवर बसली होती. शेजारी थोरली होती, घडीटेबलावरची सगळ्यांत जुनी बाई. ऐकू येणारी, पण तीस वर्षं रोलरांत राहून मोठ्यानं बोलणारी. दोघींच्या मध्ये एकच डबा.

दुभाषीबाई समोर उभ्या राहिल्या आणि हातांनी म्हणाल्या, “साहेबांनी शिवी दिली नव्हती. त्यांनी साधा शब्द वापरला होता, कागदावरचा. कात्री माझी होती.”

खळीनं घास डब्यात परत ठेवला.

“तुझी?”

“मला ती शिवी आहे हे माहीत नव्हतं. माझी आई बहिरी आहे. मी तिच्याकडून शिकले. आमच्या घरात तीच खूण होती. दुसरी मी कधी पाहिलीच नाही.”

“वीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून जेवतेस,” खळीचे हात लहान झाले, धारदार झाले, “आणि माझ्यासारखीचं नाव कसं घ्यायचं हे एकदा कुणाला विचारावंसं वाटलं नाही?”

“माफ—”

खळीनं त्यांचं मनगट पकडलं नाही. नुसता हात आडवा केला. “आधी हात धुऊन ये.”

“धुतले.”

“मग परत धू. आणि आईला विचार, कात्री कुणाची होती.”

तिनं पाठ फिरवली. बहिऱ्या माणसानं पाठ फिरवली की दार लागलं. त्याला कडी नसते, पण ते उघडतही नाही.

थोरलीनं डब्याचं झाकण लावलं. “आणि तू शिकलेली म्हणे,” ती दुभाषीबाईंना म्हणाली, खालच्या आवाजात म्हणजे साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशी. “बघ बाई. एकदाच सांगते, मला घड्या पडल्यात.”

तिनं पदराजवळ खोचलेला उशीचा अभ्रा ओढून काढला. धुवून आलेला, उलटा.

“मशीनमधनं अभ्रे येतात ते सगळे असे. शिवण वर, धागे वर, डाग वर. नवी मुलगी आली की म्हणते, हा खराब आहे, टाका. आम्ही टाकत नाही. आत हात घालायचा, लांबचा कोपरा धरायचा आणि ओढायचं.” तिनं ओढलं. अभ्रा फटकन सुलटा झाला. “हं. बदललं काही? कापड तेच, सूत तेच. लोक वरची शिवण बघत होते, एवढंच. हिच्या जन्माच्या वेळी कुणीतरी वरची शिवण बघून सांगितलं, मुलगा. ही आतून बाईच होती. एक दिवस हात घातला आणि स्वतःला ओढून सुलटं केलं. याला तुमच्या कागदात काय म्हणतात ते म्हणोत.”

“आणि खूण?”

“ती इथंच झाली, घडीटेबलावर. ही आली तेव्हा दोन नंबरवालीनं विचारलं, तू नक्की कोण? वाईट मनानं नाही, भोचकपणानं. हिच्या हातात अभ्रा होता. हिनं उत्तरच दिलं नाही, अभ्रा सुलटा केला आणि छातीशी धरला. बस. त्या दिवसापासून सगळ्या तेच करतो.” थोरलीनं डावी मूठ पोकळ केली, उजवा हात त्यात घातला, ओढून बाहेर काढला आणि तळवा छातीवर टेकवला. “आम्ही तर गाणंसुद्धा जोडलंय.” आणि ती रोलरच्या ठेक्यावर, अर्धी गात अर्धी खाकरत म्हणाली:

*अभ्रा आला उलटा गं, शिवण वर वर,*
*आत घातला मी हात, फूल आलं बाहेर.*

“मग एवढं सगळं आहे, तर तेवीस जणी गप्प का?” दुभाषीबाईंनी विचारलं.

गाणं थांबलं. थोरलीनं अभ्र्याची घडी घातली. चौघडी केली, मग आठघडी, मग तिच्याच्यानं आणखी होईना.

“पाळ्या तो लावतो,” ती म्हणाली. “माझ्या घरी आजारी माणूस आहे. मला सकाळचीच पाळी लागते. तू काय आम्हाला विचारतेस? तुला कोण विचारणार, तू का गप्प म्हणून?”

*

आईनं फोन पहिल्या घंटीच्या उजेडात उचलला. तिच्या घरी घंटीऐवजी दिवा लुकलुकायचा. तिनं फोन साखरेच्या बरणीला टेकवला आणि दोन्ही हात मोकळे केले.

“जेवलीस?”

“आई, ती खूण. कात्रीची. तू कुठं शिकलीस?”

“कुठली?” दुभाषीबाईंना ती पुन्हा करवेना. त्यांनी नुसता हात मानेकडे नेला. “हां, ती! तसल्यांची. शाळेत. वसतिगृहात. आता जेवायच्या वेळी हे काय?”

“कात्री कुणाची होती?”

पडद्यावर आईचा चेहरा हसला. ओळखीचं, घरगुती हसू. “शिवणाच्या तासाची. मोठी, काळी. एक मूल होतं आमच्यात. मुलांच्या खोलीत झोपायचं आणि मुलींसारखी वेणी घालायचं. चोरून वाढवलेले केस. आम्हाला काय हसू यायचं! मग मोठ्या मुलींनी एक दिवस धरलं आणि मानेपासून कापली वेणी. त्यानंतर ते दिसलं की सगळे असं करायचे.” तिची बोटं मानेमागं गेली. “मग कुणीही तसलं दिसलं की असंच.”

“तू होतीस तिथं?”

“मी लहान होते. मी काही कापलं नाही.” हात जरा मंद झाले. “मी फक्त हात धरले होते.”

बहिऱ्या मुलाचे हात धरले होते. घट्ट. मिटवून.

“ते काय म्हणत होतं, आई?”

आई त्यांच्याकडे बघत राहिली. जणू हा प्रश्न पन्नास वर्षांत प्रथमच कुणी विचारला होता.

“हात धरले होते म्हटलं ना,” ती म्हणाली. “कसं कळणार?” आणि मग एकदम चिडून: “तू मला का छळतेस? कुणी शिकवलं तुला हे? ती तसलीच असतात, उगाच डोकं फिरवतात. जेव जा.” तिनं बरणी आडवी केली, की ती आपोआप पडली, कळलं नाही. पडद्यावर फक्त छत उरलं.

*

दुपारी सगळे होते त्याच खुर्च्यांवर बसले. साहेबांनी आदेशाचा कागद समोर घेतला.

“सुरुवात करू.”

“त्याआधी मला बोलायचं आहे,” दुभाषीबाई म्हणाल्या. आणि एकाच वेळी हातांनीही, कारण जे बोलायचं ते खळीला कळल्याशिवाय बोलायचं नव्हतं. तोंड आणि हात एकदम चालवणं हे त्यांच्या धंद्यात वाईट मानतात. दोन्ही भाषा लंगडतात. त्यांनी त्या लंगडू दिल्या.

“तुम्ही कशा बोलणार? तुम्ही दुभाषी.”

“सकाळी तुम्ही पारलिंगी हा शब्द वापरलात. मी त्याची खूण केली ती शिवी होती. दोनदा केली. हिला वाटलं शिवी तुमची. हिचा राग शिवीवर होता, तुमच्यावर नाही. चूक माझी आहे.”

साहेबांचा चेहरा सैल पडला नाही. उलट आक्रसला. “बाई, नोंद झाली आहे. सही झाली आहे. तुमची चूक तुम्हाला जेवताना आठवली?”

“थकल्यात ताई,” मुकादम मायेनं म्हणाला. “ऊन किती आहे.”

“जेवताना कळली,” दुभाषीबाई म्हणाल्या. “नळावर. यांनी सांगितली. हे म्हणाले, घरचीच खूण काढलीत. यांनी ती मला करून दाखवली. म्हणाले, ही एक येते, केबिनच्या काचेतून दिसेल एवढी.”

खोलीत फक्त जमीन थरथरत होती.

“खोटं!” मुकादम उठला. “साफ खोटं! आणि असं बाहेरचं आत आणायचं नाही असा नियम आहे! आहे की नाही साहेब?”

“आहे,” साहेब म्हणाले. ते दुभाषीबाईंकडे बघत होते, आणि त्या नजरेत कणव नव्हती. “तुमची सही आहे. बाहेरचं बोलणं आत आणलंत तर तुम्ही दुभाषी उरत नाही, साक्षीदार होता. तुमचं ओळखपत्र मला जमा करावं लागेल. पुढं ते परत मिळेल न मिळेल. हे माहीत आहे?”

“माहीत आहे.”

“आणि तरी हा तुमच्या शब्दाविरुद्ध त्यांचा शब्द. पुरावा काय? कुठली खूण? दाखवा तरी.”

दुभाषीबाईंचा हात अर्धा उठला. खळीनं टेबलावर थाप मारली.

“नाही,” तिचे हात म्हणाले. “पुन्हा नाही. माझ्यासमोर ती पुन्हा कुणी करायची नाही. पुराव्यासाठी पण नाही.”

दुभाषीबाईंनी हात मांडीवर ठेवले. “मी करणार नाही,” त्या म्हणाल्या.

“मग मी काय नोंदवू?” साहेबांनी कागद आपटला. “दिसत नाही ती शिवी, ऐकू येत नाही ती शिवी, आणि आता दाखवणार नाही ती शिवी!”

तेव्हा खळी उभी राहिली. तिनं डावी मूठ पोकळ केली. उजवा हात आत घातला, ओढला, आणि तळवा छातीवर टेकवला. सावकाश. तेवढं खोलीतल्या कुणालाही कळावं म्हणून नव्हे. आता तिला दुभाषी नव्हता, आणि ती कोण आहे हे तिला स्वतःच सांगायचं होतं, एवढंच.

साहेबांनी मात्र त्याचा भलताच अर्थ घेतला. “हीच का ती?” त्यांनी मुकादमाला विचारलं. “हीच खूण तुम्ही केलीत असा आरोप आहे?”

मुकादम हसला. सुटल्याचं, तुच्छतेचं हसू. “छे हो साहेब! ही तर यांची लाडाची. घडीटेबलावर पोरी करत असतात, गाणीबिणी म्हणत. ती नव्हे. ती तर इथं—”

हात मानेमागं पोचला होता. दोन बोटं उघडली होती.

मिटायची राहिली.

त्यानं हात खाली घेतला, पण घाईनं घेतला, आणि खोलीत चारजणांनी तो खाली येताना पाहिला. कारकुनाची लेखणी आधी थांबली, मग चालू लागली.

“तुम्हाला एकही खूण येत नव्हती ना?” साहेब म्हणाले.

“म्हणजे… बघून बघून माणसाला… साहेब, मला बायकापोरं आहेत…”

“खाली बसा.”

*

आदेश व्हायला तास गेला. साहेबांचा सूर काही गोड झाला नाही. चादर फेकल्याबद्दल खळीला लेखी ताकीद मिळाली. तळघर रद्द झालं, तीन नंबर कायम. मुकादमाची वेगळी चौकशी लागली आणि तोवर त्याला केबिनमधून काढलं. दुभाषीबाईंचं ओळखपत्र गळ्यातून निघून टेबलावर गेलं. फीत त्यांनी स्वतःच गुंडाळून ठेवली.

दुभाषी उरला नव्हता, म्हणून कारकुनानं मसुदा सरळ खळीसमोर सरकवला. ती वाचत होती. ओळीवर बोट ठेवून, सावकाश, खालपर्यंत. मग तिनं कारकुनाच्या हातातली लेखणी काढून घेतली आणि एक शब्द खोडला. आणखी एक ओळ. पुन्हा तोच शब्द, पुन्हा खोडला. तीनदा.

“अहो, अहो!” कारकून ओरडला. ओरडून काही उपयोग नव्हता.

‘पारलिंगी कर्मचारी हिला तीन नंबर मशीनवर कायम ठेवण्यात येत आहे.’ त्यातला पहिला शब्द गेला होता. वर तिच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: इस्त्रीवाली.

साहेब वैतागले. “हा शब्द परिपत्रकात आहे! सन्मानाचा आहे! आता याच्यावर पण आक्षेप?”

तिनं त्यांच्या ओठांवरून तेवढं वाचलं. मसुद्याच्या समासात लिहिलं: ‘शब्द चांगला आहे. मुकादमाच्या चौकशीत लिहा, तिथं लागतो, त्यानं शिवी त्याच्यावरून दिली. मशीनवर मी इस्त्री करते. मशीनला तो लागत नाही.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. वाद घालायला त्यांना तोंड होतं, पण ते वापरायला दुभाषी लागला असता, आणि तो त्यांनीच काढला होता. त्यांनी खोडलेल्या तिन्ही जागी आद्याक्षरं टाकली. लेखणी कागद फाडील इतक्या जोरानं.

दारात दुभाषीबाई उभ्या होत्या. गळा मोकळा, हात मोकळे. खळी समोरून आली तेव्हा त्यांनी गालात बोट रुतवलं आणि अर्धं फिरवलं. हाक मारली.

खळी थांबली. चेहऱ्यावर काही हललं नाही.

“ते नाव माझ्या माणसांनी मला दिलंय,” तिचे हात म्हणाले. “त्यांच्याचसाठी आहे. तुला अजून दिलेलं नाही.”

“मग तुला हाक कशी मारू?”

“अजून मारू नकोस.”

ती लोखंडी जिना उतरून गेली. खाली दार उघडलं तेव्हा वाफेचा आणि आवाजाचा एक लोट वर आला, आणि दार बंद होईपर्यंत दुभाषीबाईंना वरून दिसत राहिलं: तेवीस जणींनी माना वर केल्या होत्या, आणि ती त्यांच्यातल्या एकीकडेही न बघता, सरळ आपल्या मशीनकडे चालली होती.